स्विमिंग पूल असलेला बंगला भाड्याने देणाऱ्या मालकांना खुले पत्र : आधी कुंपण घाला, फाटक बसवा

प्रति,
लोणावळा-खंडाळा, कर्जत, मुळशी, पानशेत, अलिबाग, इगतपुरी आणि अशा सगळ्या ठिकाणी स्विमिंग पूल असलेले बंगले शनिवार-रविवारसाठी भाड्याने देणारे मालक,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात लहान मुलांना पोहायला शिकवतो. जून सुरू झाला की बॅचच्या मुलांचे आईवडील एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, लोणावळ्याला बंगला घेतलाय. प्रायव्हेट पूल आहे, चारच फूट खोल आहे. घाबरण्यासारखं काही नाही ना?" याचं उत्तर मी पुण्यात बसून देऊ शकत नाही. तुमच्या पूलभोवती काय आहे आणि काय नाही, यावर ते ठरतं. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला लिहितो आहे.

माझी मागणी एकच आहे. बंगल्याचा हॉल आणि पूल यांच्या मध्ये कुंपण घाला, आणि त्या कुंपणाला आपोआप बंद होणारं फाटक बसवा. पुढे मी इतरही बरंच काही लिहिणार आहे, पण त्यातलं काहीच जमलं नाही तरी एवढं करा. आणि या पावसाळ्याच्या आत करा.

30 जून 2024 रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ महाराष्ट्रभर फिरला. त्यानंतर धबधब्यांवर, धरणांच्या काठावर मनाई आदेश आले, पोलीस उभे राहिले. ते योग्यच होतं. मात्र त्यामुळे अनेक कुटुंबांनी मनाशी एक हिशेब केला : उघड्या पाण्यात जायला नको, त्यापेक्षा बंगला घेऊ, पूल आपलाच, चार भिंतींच्या आतला, मुलांना मोकळं सोडता येईल. तुमच्याकडे येणारं कुटुंब हा विश्वास घेऊन येतं. जाहिरातीतला निळाशार फोटोही त्यांना तेच सांगत असतो.

आता तुमच्या बंगल्यावरची शनिवारची दुपार डोळ्यांसमोर आणा. दोन-तीन गाड्या एकदम येतात. डिकीतून बॅगा निघतात, बर्फाचा डबा निघतो, आजींना तळमजल्यावरची खोली हवी असते, केअरटेकर सगळ्यांच्या आधार कार्डांचे फोटो काढत असतो, कोणीतरी वाय-फायचा पासवर्ड विचारतं. हॉलचं काचेचं सरकतं दार हवेसाठी पूर्ण उघडं असतं आणि त्याच्या उंबऱ्यापासून आठ-दहा पावलांवर पाणी. या गडबडीत आईला वाटतं मूल बाबांकडे आहे, बाबांना वाटतं मावशीकडे आहे, मावशीला वाटतं ते भावंडांबरोबर वर गेलंय. पंधरा मोठी माणसं घरात असतात आणि मुलाकडे बघणारं एकही नसतं.

अशा घटनांत मूल पोहायला गेलेलं असतंच असं नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि फ्लोरिडा या राज्यांतल्या घरगुती पूलमधल्या लहान मुलांच्या बुडण्याचा अभ्यास केला होता. त्यात निम्म्याहून जास्त मुलं त्या वेळी पूलजवळ असतील अशी घरच्यांना कल्पनाही नव्हती, आणि बहुतेक मुलं नजरेआड होऊन पाच मिनिटंही झालेली नव्हती. म्हणजे पोहण्याच्या वेळी काठावर कोण बसलं होतं, हा प्रश्न यातल्या बऱ्याच घरांत आलाच नाही. धोका पोहण्याच्या वेळेबाहेरचा आहे. सामान उतरवताना, जेवणं वाढताना, दुपारी सगळे लवंडल्यावर, रात्री केक कापताना.

चार फूट पाणी कमी वाटतं ते आपल्याला. तीन वर्षांचं मूल साधारण तीन फूट उंच असतं. पाच वर्षांच्या मुलाच्याही डोक्यावरून ते पाणी जातं. बुडणारं मूल सिनेमात दाखवतात तसं हात हलवून, ओरडून मदत मागत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होत असतं, मिळालेला क्षण श्वास घेण्यातच जातो, आवाज काढायला हवाच उरत नाही. हात वर करता येत नाहीत, ते आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, मूल खेळतंय. हे सगळं मिनिटभरात, कधी त्याच्याही आत संपतं. नंतर शुद्ध जाते, आणि चार-सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. तेवढ्या वेळात तुमच्या केअरटेकरचा गॅसचा सिलिंडर बदलून होतो न होतो.

म्हणून कुंपण. माणसाचं लक्ष उडतं, कुंपणाचं उडत नाही.

कुंपण कसं हवं हेही सांगतो, कारण 'रेलिंग आहे की आमच्याकडे' असं म्हणून दाखवलेलं बरंचसं काम मी पाहिलं आहे. उंची किमान 1.2 मीटर, म्हणजे चार फूट. चारही बाजूंनी हवं. बंगल्याची मागची भिंत हीच चौथी बाजू धरली, तर हॉलचं सरकतं दार हेच पूलचं फाटक होतं आणि ते तर दिवसभर उघडं असतं. गज उभे हवेत, दोन गजांतली फट 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, खालची फटही तेवढीच. आडव्या पाइपांची रेलिंग दिसायला छान असते, पण मूल एकेका पाइपवर पाय ठेवून सहज वर चढतं. कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला कुंड्या, खुर्च्या, एसीचं आउटडोअर युनिट असं चढायला सोयीचं काही ठेवू नका, निदान तीन फूट जागा मोकळी सोडा.

फाटक पूलपासून बाहेरच्या बाजूला उघडणारं असावं, म्हणजे मुलाने ढकललं तर ते उघडत नाही, उलट बंद होतं. स्प्रिंगचं बिजागर बसवा, सोडलं की आपोआप मिटलं पाहिजे आणि कडी आपोआप पडली पाहिजे. कडी जमिनीपासून दीड मीटर उंचीवर हवी. एका बंगल्यावर फाटक होतं, स्प्रिंगही होती, पण पाहुण्यांना ये-जा करताना त्रास नको म्हणून माळीदादांनी त्याला वीट लावून ठेवली होती. विटेचा कोपरा घासून गुळगुळीत झालेला होता, इतकी ती वीट रोजची. स्प्रिंग लावताना हेही केअरटेकरला सांगून ठेवा, की फाटकाला वीट, दोरी, टॉवेल, काहीही अडकवायचं नाही.

हे सगळं मी माझ्या मनाने सांगत नाही. ऑस्ट्रेलियात घरगुती पूलच्या कुंपणाचे नियम जवळपास याच मापांचे आहेत आणि ते तिथे सक्तीचे आहेत. फ्रान्सने 3 जानेवारी 2003 रोजी कायदाच केला : जमिनीत बांधलेल्या प्रत्येक खासगी पूलला कुंपण, अलार्म, पूल झाकणारं मजबूत आवरण किंवा बंदिस्त छप्पर, यांपैकी एक तरी सोय असलीच पाहिजे. आपल्याकडे अशी सक्ती कधी येईल याची वाट बघत बसू नका. तोवर किती शनिवार जातील.

शोभा जाते, फोटो खराब येतात, ही तुमची अडचण मला माहीत आहे. व्हरांड्यातून थेट पाण्यात उतरता येणं, याचेच लोक पैसे देतात असं मालक म्हणतात. त्यावरही उपाय आहेत. टफन्ड काचेचं कुंपण नजर अडवत नाही. त्याहून स्वस्तात काढता-घालता येणारी बारीक जाळीची कुंपणं मिळतात. डेकवर ठरावीक अंतराने भोकं पाडून त्यात खांब बसवतात, फक्त मोठ्यांचा ग्रुप असला की काढून ठेवता येतात. आणि लहान मुलं असलेलं कुटुंब बंगला निवडताना आता विचारू लागलं आहे. 'पूलला कुंपण आहे' ही ओळ जाहिरातीत आली की बुकिंग कमी होईल, असं मला मुळीच वाटत नाही.

आमच्या गावाकडे विहीर बांधून झाली की कठडा घातल्याशिवाय काम पुरं झालं असं कोणी म्हणत नसे. विहिरीत पोरं पोहायला शिकत, पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून उड्या मारत, पण रांगतं पोर तिथवर पोचू नये याची तजवीज आधी असे. तुमचा पूल विहिरीपेक्षा उथळ आहे, पण तो घराच्या दाराला लागून आहे आणि त्याला कठडा नाही.

एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही, ती इथे लिहितो. पाहुणे शनिवारी येतात, रविवारी जातात. सोमवार ते शुक्रवार त्या आवारात कोण राहतं? केअरटेकर आणि त्याचं कुटुंब. पंप रूमच्या मागे एका खोलीत नवरा-बायको आणि दोन लहान मुलं. आई बंगल्यातल्या चादरी धुवत असते, बाप गवत कापत असतो, आणि दोन वर्षांचं मूल अंगणात फिरत असतं. अंगण म्हणजे पूलचा काठ. त्या मुलासाठी हा पूल आठवड्याचे सातही दिवस उघडा असतो. कुंपणाचा खर्च डोळ्यांसमोर आला की पाहुण्यांच्या आधी या मुलाचा विचार करा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

बहुतेक बंगल्यांवर एक पाटी मात्र नेमाने असते : 'पोहताना होणाऱ्या अपघातास मालक जबाबदार राहणार नाही.' खाली पाहुण्यांची सहीही घेतात. या पाटीने कोणी वाचत नाही, मूल तर नाहीच, त्याला वाचताही येत नाही. आणि तुम्हीही वाचाल असं समजू नका. निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि पाटी लावली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. त्या पाटीच्या जागी दुसरी लावा : पाणी किती खोल, खोली कुठून वाढते, सूर मारण्यास मनाई, रुग्णवाहिकेसाठी 108, आणि बंगल्याचा पूर्ण पत्ता. पत्ता यासाठी, की फोन करणारा माणूस घाबरलेला असतो आणि तो त्या गावचा नसतो. 'तुंगार्लीत, पिवळ्या गेटचा बंगला' एवढ्यावर रुग्णवाहिका कशी पोचणार?

सूर मारण्याचं वेगळं सांगतो. चार-पाच फुटांच्या पाण्यात डोकं खाली करून उडी घेतली की डोकं तळावर आपटून मान मोडू शकते. पोहता न येणाऱ्यांपेक्षा पोहता येणारे तरुणच यात सापडतात, तेही कित्येकदा रात्री, दारू पोटात असताना. पूलची वेळ ठरवा आणि ती संपली की फाटकाला कुलूप लावा. किल्ली केअरटेकरच्या खिशात राहू द्या. पाहुणे चिडतील, रेटिंग कमी देतील. देऊ द्या. केअरटेकरच्या पाठीशी मात्र त्या वेळी तुम्ही फोनवर उभे राहा. दहा हजार पगाराचा माणूस पन्नास हजार भाडं भरलेल्या ग्रुपला एकटा अडवू शकत नाही.

आता पाण्याच्या आतलं. पूलच्या तळाशी जाळी असते, तिच्यातून पंप पाणी ओढतो. पाहणीला गेलो की मी पाण्यात उतरून आधी ती जाळी पायाने चाचपतो. किती तरी ठिकाणी ती हलते. चारपैकी दोन स्क्रू गेलेले असतात, उरलेले गंजलेले. जाळी निघाली आणि तळाला एकच तोंड असलं, तर पंपाची ओढ लहान मुलाला खाली धरून ठेवू शकते, लांब केस आत ओढले जातात. अमेरिकेत 2002 साली सात वर्षांची एक मुलगी अशीच गेली. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची ती नात. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि 2007 मध्ये तिच्या नावाने कायदा झाला, सुरक्षित जाळ्या सक्तीच्या करणारा. तुम्ही एवढं करा : जाळी फुगीर, न अडकणारी बसवून घ्या, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे लावा, दर सोमवारी माणूस उतरवून ती हलवून बघा. नवा पूल बांधत असाल तर कॉन्ट्रॅक्टरला तळाशी एकमेकांपासून लांब दोन तोंडं द्यायला सांगा. जुन्या पूलमध्ये एकच तोंड असेल, तर लोक पाण्यात असताना पंप बंद ठेवा, आणि पंपाचं बटण काठावरून चटकन गाठता येईल अशा जागी आणा.

विजेचं थोडक्यात. पाण्यातले दिवे 12 व्होल्टचेच असावेत, आणि पूलच्या सगळ्या वायरिंगवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, हवा. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं, झटकन पडला नाही तर इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवायचं. स्पीकरसाठी एक्स्टेन्शन बोर्ड ओल्या डेकवर आणायला पाहुण्यांना साफ मनाई करा.

पावसाळा हा तुमचा मोसम, आणि नेमका तेव्हाच पूल सगळ्यात वाईट अवस्थेत असतो. लाइट जाते, फिल्टर बंद पडतो, मातीचं पाणी आत येतं, दोन दिवसांत पाणी हिरवट गढूळ होतं. नियम सोपा ठेवा. काठावर उभं राहून तळाची जाळी स्पष्ट दिसली नाही, तर त्या दिवशी पूल बंद. गढूळ पाण्यात तळाला गेलेलं मूल शेजारी पोहणाऱ्यालाही दिसत नाही. याच कारणासाठी काळ्या किंवा गर्द टाइल्सचा पूल बांधू नका, आणि पाहुण्यांना सांगा की मुलांना निळा-पांढरा पोशाख नको, भडक नारिंगी किंवा पोपटी घाला. डेकवरची गुळगुळीत फरशी शेवाळ धरते, ती खरबरीत करून घ्या. क्लोरीनची पावडर आणि ॲसिड एकत्र आलं तर विषारी वायू होतो, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या कपाटात आणि पंप रूमला कुलूप.

पाहुण्यांना पाठवायच्या मेसेजमध्ये एक ओळ घाला, बुकिंगच्या वेळीच : मुलं पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने फक्त पहारा द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदलायची. त्या माणसाच्या हातात मोबाइल नको, ग्लास नको, पत्ते नकोत. लहानग्यांबरोबर तर पाण्यातच उतरायचं, हात पोचेल इतक्या अंतरावर. दंडाला लावायचे फुगे आणि रबरी बदकं ही खेळणी आहेत, ती निसटतात आणि त्यांच्यातली हवा जाते. पाण्याखाली श्वास रोखून धरण्याच्या पैजा मोठ्या मुलांना लावू देऊ नका. आधी जोरजोरात श्वास घेऊन खाली गेलेला पट्टीचा पोहणाराही कसलीही सूचना न मिळता बेशुद्ध होतो. आणि हो, शिकवणारा माणूस म्हणून मला हेही सांगितलं पाहिजे, की 'आमच्या मुलाचा क्लास झालाय' हे ऐकून कोणीही निर्धास्त होऊ नये. क्लासने फायदा होतो, पण कपड्यांनिशी अचानक पडलेलं पाच वर्षांचं मूल शिकलेलं विसरतं.

काठावर पाण्यात तरंगणारी एक रिंग आणि एक लांब काठी हवी. बांबूही चालेल, फक्त तो कुंपणाला लटकवलेला असावा, स्टोअररूममध्ये नको. बुडणाऱ्याला वाचवायला पोहता न येणारा माणूस उडी मारतो आणि दोघं जातात. आधी काठी पुढे करायची, रिंग फेकायची.

बाहेर काढल्यावर मुलाला उलटं धरून गरगर फिरवणं, पोटावर दाबून पाणी काढणं हे आपल्याकडे अजून चालतं. त्यात हाताशी असलेली मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी फुप्फुसात जायची भीती असते. मूल श्वास घेत नसेल तर सपाट जागेवर उताणं झोपवायचं, डोकं किंचित मागे करून हनुवटी उचलायची, आणि आधी तोंडाने श्वास द्यायचे, कारण बुडण्यात मूळ कमतरता हवेची असते. मग छातीच्या मधोमध 30 दाब, पुन्हा दोन श्वास, असं रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा मूल हालचाल करेपर्यंत चालू ठेवायचं. दुसऱ्याने तोवर 108 लावायचा. शुद्धीवर आलेल्या मुलालाही दवाखान्यात न्यायचंच, बरं दिसतंय म्हणून घरी ठेवायचं नाही. हे वाचून हाताला येत नाही, सरावाच्या पुतळ्यावर करून पाहावं लागतं. दोन तासांचं काम आहे.

तेवढ्यासाठी मी यायला तयार आहे. सोमवार ते गुरुवार तुमचे बंगले रिकामे असतात आणि माझी बॅच संध्याकाळी असते. एका भागातले आठ-दहा मालक मिळून आपापले केअरटेकर, त्यांच्या बायका, माळी आणि स्वयंपाकाच्या मावशी एका बंगल्यावर जमवा. पुतळा मी घेऊन येईन, श्वास कसे द्यायचे ते प्रत्येकाकडून करून घेईन. फी नको. बायकांना मुद्दाम बोलवा, दुपारी आवारात बहुधा त्याच असतात.

नगरपरिषदा आणि ग्रामपंचायतींनाही हे पत्र पाठवतो आहे. बंगल्याची नोंदणी करताना पूल आहे का, एवढंच न विचारता त्याला चारही बाजूंनी कुंपण आहे का, हे जागेवर जाऊन बघावं, आणि नसेल तर ते होईपर्यंत पूल रिकामा ठेवायला सांगावं.

तुमच्या भागात फॅब्रिकेशनवाला असेलच. त्याला उद्या बोलावून डेकची मापं घ्यायला सांगा. काम होईपर्यंत हॉलच्या सरकत्या दाराला वरच्या बाजूला एक जास्तीची कडी बसवा, हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि तासाभरात लागते.

आपला,
एक जलतरण प्रशिक्षक, पुणे